केटीची मीठमोहरी

मराठी माणसाला काय काय लागेल याचा नेम नाही. ठेच लागते, उचकी लागते, नोकरी लागते, साडेसाती लागते, आणि तो मुंबईच्या कॉलेजात असेल तर केटी लागते. केटी म्हणजे एटीकेटी. एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्षात बसू देतात, राहिलेला विषय नंतर सोडवायचा. आमच्या परळच्या चाळीत निम्म्या पोरांना ती कधी ना कधी लागलेली होती. मला दुसऱ्या वर्षी, एस.वाय. बी.कॉम.ला लागली, कॉस्टिंग म्हणजे उत्पादनखर्चाच्या पेपरात. आज मी कॉस्टिंगचंच काम करून पोट भरते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको.

ती केटी लागली नसती तर प्रभादेवीचे काका-काकू मला भेटले नसते. म्हणून मी त्या पेपरवर कधी रागावले नाही.

देवळाकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या मागे एक गल्ली आहे. त्या गल्लीतल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती दोघं राहायची. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, काकू विम्याच्या कचेरीतून. मूलबाळ नव्हतं. दारावर नावाची पाटी नव्हती. पाटीच्या जागी काकांनी आपल्या अक्षरात लिहिलेला एक पुठ्ठा होता: 'बेल एकदाच वाजवा. ऐकू येतं.'

या पाटीवरून त्या घरात लग्नापासून भांडण चालू होतं. काकूंना शेजाऱ्यांसारखी पितळेची पाटी हवी होती, काळ्या अक्षरांची, दसऱ्याला चिंच लावून घासता येईल अशी. काका म्हणायचे, "पोस्टमनला आपण माहीत आहोत. चोराला कशाला कळवायचं?" काकूंची अडचण निराळीच होती. त्या जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नंतर कधी नाही. गॅसवाल्यानं, बँकवाल्यानं, डॉक्टरच्या कंपाउंडरनं नाव विचारलं की शेजारी जो कोणी उभा असेल त्याला त्या कोपरानं ढोसायच्या. "तू सांग गं." आम्ही हसायचो. एकदा मी म्हटलं, "काकू, आता कोण पाळतं हे?" त्या म्हणाल्या, "मी पाळते. म्हणून तर पाटी पाहिजे. मी नाही घेत, निदान दारानं तरी ह्यांचं नाव घ्यावं."

हे त्या हसतच म्हणाल्या होत्या. पण मूल नसलेल्या बाईनं नवऱ्याचं नाव कुठेतरी राहावं असं म्हणणं किती आतून येतं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

काकांना स्वतःला नावाचं काहीच पडलेलं नव्हतं. त्यांना पडलेली असायची ती गावाची. त्यांचा एक लाल शर्ट होता. काकूंनी तो कुठल्याशा लग्नासाठी हौसेनं घेतला, काकांनी तो एकदाच घातला आणि "मी हमाल दिसतो" म्हणून काढून ठेवला. पुढे कात्रीनं त्याच्या पट्ट्या केल्या. सकाळी फिरायला जाताना दोनचार पट्ट्या खिशात असायच्या. कुठे गटाराचं झाकण तुटलेलं दिसलं, फरशी खचलेली दिसली, की कुठून तरी काठी पैदा करायची, तिला लाल पट्टी बांधायची आणि खड्ड्यात उभी करायची. मग घरी येऊन वॉर्ड ऑफिसला फोन. काकू म्हणायच्या, "ह्यांचा एक शर्ट अख्ख्या प्रभादेवीला पुरला."

दुसरी वस्तू म्हणजे तेलाची कुपी. शिवणयंत्राला तेल घालायची असते ना, लांब चोचीची, तीच. बागेतल्या झोपाळ्याची कडी करकरत होती म्हणून त्यांनी तक्रार दिली होती. तक्रारीचं काही होईना, तेव्हा एक दिवस काका स्वतःच झोपाळ्याच्या खांबावर चढले. रखवालदार धावत आला. "ओ आजोबा, सरकारी झोपाळा आहे तो!" काका वरून म्हणाले, "आवाज खाजगी येतोय. उतरताना हात दे." त्यानंतर बागेचं फाटक, बसथांब्यावरची करकरणारी बैठक, शाळेच्या दाराची बिजागरी, सगळ्यांना ते तेल पाजत सुटले. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर तेलाचा डाग होता. मंगळवारी देवळाची रांग लांबत लांबत त्यांच्या गल्लीपर्यंत यायची, तेव्हा तर त्यांचा सणच. दाराशी पाण्याचा माठ, माठावर साखळी लावलेला पेला, आणि पेला तोंडाला लावणाऱ्याला काकांचं प्रवचन फुकट.

आता शिष्यवृत्तीचं सांगते. दोघंही कमावते होते. काकूंच्या पगारात घर चालायचं आणि काकांचा पगार, काकूंच्या भाषेत, 'बाहेर जायचा'. बाहेर म्हणजे कुणाच्या औषधाला, कुणाच्या फीला. पुढे दोघांनी ठरवलं की हे जरा रीतसर करावं. त्यांनी जवळच्याच एका कॉलेजात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती ठेवली. पहिल्या वर्षी दोघं बक्षीस समारंभाला गेली. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली. पहिला आलेला मुलगा चांगला होता, हुशार होता, नम्रही होता. काकांनी कौतुकानं विचारलं, "ही कितवी रे स्कॉलरशिप तुझी?" तो थांबला, आठवू लागला आणि म्हणाला, "पाचवी असेल, सर. नाही, सहावी." झालं. काका परत येताना टॅक्सीत एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊन चप्पल काढताना म्हणाले, "जेवून उठलेल्या माणसाच्या पानात आपण जिलबी वाढून आलो."

त्यानंतर काही दिवस ते घुश्शातच होते. अशातच समोरच्या इमारतीतला एक मुलगा वर आला. हा आमचा पहिला केटीवाला. हल्ली त्याचं कॉटन ग्रीनला औषधाचं दुकान आहे आणि ही गोष्ट तो गिऱ्हाइकांनासुद्धा सांगतो. तेव्हा तो काटकुळा होता, चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले. काकूंनी दार उघडलं.

"काय रे, काय झालं?"

"काकू, मला केटी लागली."

काकू चरकल्या. एटीकेटी ही काय वस्तू आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण पोराचं तोंड त्यांना दिसत होतं, आणि 'लागली' हा शब्द त्यांनी नीट ऐकला होता.

"कुठे लागली?"

"कॉलेजात."

"कधीपासून?"

"काल रिझल्ट लागला ना, त्यात."

"बघितलंच असेल कोणीतरी डोळे फाडून," काकू म्हणाल्या. "बस इथे. पूर्वेकडे तोंड कर."

आणि त्या आतून मीठमोहरी घेऊन आल्या. पोराला पाटावर बसवलं, मूठ त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत ओवाळली, पुटपुटल्या, "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, ज्याची कुणाची केटी लागली असेल त्याची…" आणि मूठ गॅसवर तापलेल्या तव्यावर टाकली. मोहरी तडतडली. पोरगा इतका गोंधळला होता की तो मुकाट्यानं बसून राहिला. काका आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होते. ते बाहेर आले तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बोलता येईना म्हणून ते भिंतीला धरून उभे राहिले.

हसू ओसरल्यावर त्यांनी पोराला विचारलं की एटीकेटी म्हणजे नक्की काय. त्यानं अक्षरं सोडवून सांगितली. अलाउड टु कीप टर्म्स. काकांनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

"म्हणजे नापास म्हणत नाहीत?"

"नाही. पुढच्या वर्गात बसायचं, मागचं पण द्यायचं."

"म्हणजे मागचं राहिलंय ते बरोबर घेऊन पुढे जायला परवानगी आहे," काका सावकाश म्हणाले. "अरे, इतकं माणुसकीचं वाक्य मी कुठल्याच सरकारी नियमात वाचलेलं नाही."

त्यांना ते इतकं का लागलं, यालाही कारण होतं. काका इंटर आर्ट्सला लॉजिकमध्ये नापास झाले होते. पूर्वी बी.ए.च्या आधी इंटर नावाची परीक्षा असायची आणि त्यांच्या वेळी तिथे नापास म्हणजे नापास, वर्ष गेलं. वडिलांनी त्यांना कॉलेजातून काढून टेलिफोन खात्यात चिकटवलं. ते लॉजिक तसंच राहिलं. काका हे लपवायचे नाहीत. ओळख झाली की पाच मिनिटांत सांगायचे, "माझं लॉजिक राहिलंय." त्यावर काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "हे मला बघायला आले तेव्हाच कळलं होतं."

दुसऱ्याच दिवशी काका कॉलेजात गेले आणि म्हणाले, आमची शिष्यवृत्ती यापुढे केटी लागलेल्यांना द्या. तेव्हाच्या प्राचार्यांनी त्यांना चहा पाजला आणि समजावलं की असं करता येत नाही, मुलं मुद्दाम नापास होतील. काका म्हणाले, "नापास होऊन बघा एकदा. मुद्दाम कोणी होत नाही." मग त्यांनी ती शिष्यवृत्ती मोडली आणि घरूनच द्यायला सुरुवात केली. जाहिरात नाही, अर्ज नाही. एकानं दुसऱ्याला सांगायचं. एकच अट होती, एक तरी विषय राहिलेला पाहिजे.

मला ते माझ्या वर्गातल्या मुलीनं सांगितलं. माझी फीमाफी नापास झाल्यामुळे थांबली होती. बाबा म्हणाले होते, "बस झालं आता. मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात मुली घेतायत, सोमवारपासून जा." आई मालवणी. तिला वेगळंच दुःख. ती दाराआड घेऊन म्हणाली, "कोणाक सांगू नको गो, केटी लागली म्हणून. लोक नावा ठेवतले." अशा अवस्थेत मी प्रभादेवीचा जिना चढले. भीतीनं बेल दोनदा वाजवली आणि मग पुठ्ठा वाचला.

मी आमची परिस्थिती तोंडपाठ करून गेले होते. आजोबांची गिरणी, तिचं बंद पडणं, बाबांची वॉचमनची नोकरी, आईचा दमा. पहिलं वाक्य काढलं तोच काकांनी ट्रॅफिक पोलिसासारखा पंजा वर केला.

"परिस्थिती सांगायची नाही. परिस्थिती सगळ्यांचीच असते. गिरणी बंद पडली हे मला माहीत आहे, मी इथेच राहतो. कुठलं गणित चुकलं ते सांग."

माझं सगळं पाठांतर वाया गेलं. मी चाचरत म्हटलं, प्रोसेस कॉस्टिंग. ॲबनॉर्मल लॉस.

"म्हणजे काय?"

"म्हणजे, माल तयार होताना थोडा वाया जातोच. तो नॉर्मल लॉस. तो धरूनच चालायचं. त्याच्यापेक्षा जास्त, अवचित वाया गेला तर तो ॲबनॉर्मल."

"थांब. अगं, ऐकलंस का?" काकांनी आत हाक मारली. "थोडा तोटा नॉर्मल असतो म्हणे! बरं, मग तू काय चुकलीस?"

मी विचार करू लागले. खरं म्हणजे काय चुकलं ते मला तोवर कळलेलंच नव्हतं. मी नुसती रडत होते. पण या माणसाला पहिल्यापासून समजावून सांगता सांगता माझं मलाच दिसलं.

"मी ॲबनॉर्मल लॉसला भंगाराचा भाव लावला."

"आणि कुठला लावायचा?"

"चांगल्या मालाचा. जो अवचित वाया गेला, त्याची किंमत चांगल्या मालाएवढीच धरायची असते."

काकांनी चष्मा काढून धोतराला पुसला, परत घातला. काका त्या काळातही घरी धोतर नेसायचे. मग काकूंना म्हणाले, "बघ. भंगारात नाही काढायचं. पुस्तकात लिहिलंय तसं. आणि लोक म्हणतात कॉमर्समध्ये काही राम नाही." मला म्हणाले, "झालं तुझं काम. पाटावर बस."

तोवर मीठमोहरी हा त्या घरातला विधीच झाला होता. केटीचा अर्थ कळल्यावरही काकूंनी तो सोडला नाही. उलट त्यात भर घातली. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, पेपर काढणाऱ्याची, पेपर तपासणाऱ्याची…" मला हसू फुटलं, आणि रिझल्ट लागल्यापासून मी पहिल्यांदाच हसले होते. पाया पडायला वाकले तर काका म्हणाले, "वाकू नको. कंबर परीक्षेला बसायला ठेव."

बाबांचा विश्वास बसेना. "नापास झाल्याबद्दल पैसे देतात? नीट बघ, काहीतरी लफडं असणार." ते स्वतः शहानिशा करायला गेले. दुपारी गेलेला माणूस संध्याकाळी परत आला, हाताला तेल लागलेलं. काकांनी त्यांना बागेत नेऊन झोपाळ्याला टेकवलेली शिडी धरायला लावली होती. बाबा हात धुताना म्हणाले, "माणूस जरा सुटलेला आहे. पण चांगला आहे." मॉलचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

त्या घरात निकालाच्या दिवशी शिरा व्हायचा. पास झालेल्याला साधा शिरा. नापास झालेल्याला केळं घातलेला, वर तूप सढळ. पुढच्या वेळी मी कॉस्टिंगला परत बसले आणि परत नापास झाले. तोंड लपवत जिना चढले तर काकूंनी वाटी पुढे केली. शिऱ्यात केळं होतं. पास झालेला एक मुलगा शेजारी बसला होता, तो माझ्या वाटीकडे बघत म्हणाला, "काकू, हा कुठला न्याय?" काका म्हणाले, "लॉजिक राहिलंय ना माझं, त्यातलाच." तिसऱ्या खेपेला मी सुटले, तेव्हा साधा शिरा मिळाला आणि मी खरोखर जरा हिरमुसले.

काका गेले तेही आपल्या रीतीनं. सकाळी फिरून आले, चहा घेतला, आज बागेच्या मोठ्या गेटाला तेल घातलं असं काकूंना सांगितलं, खुर्चीत टेकले आणि संपले. शर्टाच्या खिशात कुपी होती. काकूंनी ती काढून घेतली आणि पुढे आपल्या देव्हाऱ्याशेजारी ठेवली. काकांच्या मागे काकूंनी एकटीनं सगळं चालू ठेवलं. आम्ही जुने केटीवाले शनिवारी जायचो, मुलांशी बोलायचो. 'कुठलं गणित चुकलं' हा प्रश्न आता काकू विचारायच्या.

पण काकूंच्या मनात एक टोचणी होती, आणि ती वाढत चालली. एका शनिवारी सगळे गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "ह्यांचं नाव कुठेच लागलं नाही गं. दारावर नाही, कुठल्या बाकावर नाही. मी आहे तोवर कोणी कुपीवाले म्हणतंय, कोणी काका म्हणतंय. मी गेले की तेही नाही." मी म्हटलं, आम्ही आहोत की. त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात. पण तुम्ही काय गल्लीत उभं राहून नाव घेणार आहात?"

नेमकं त्याच सुमारास कॉलेजातून बोलावणं आलं. तेच कॉलेज, आता नव्या प्राचार्या होत्या. बाई मनानं चांगली होती. तिनं कुठूनतरी या दोघांबद्दल ऐकलं होतं. तिचं म्हणणं, काकांच्या नावानं कायमची शिष्यवृत्ती ठेवा, आम्ही सभागृहाच्या दाराशी संगमरवरी पाटी लावतो, मोठ्या अक्षरात. मात्र शिष्यवृत्ती पहिल्या येणाऱ्याला. केटीचं कॉलेजच्या नियमात बसत नाही.

काकूंना दोन रात्री झोप लागली नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. आम्हा केटीवाल्यांतही दोन तट पडले. औषधाच्या दुकानाचा तो पहिला केटीवाला म्हणाला, "काकूंची इच्छा आहे, पाटी लागू दे. आपलं आपण चालू ठेवू." मला ते पटत नव्हतं, पण काकूंच्या तोंडाकडे बघून बोलवत नव्हतं. काकू म्हणाल्या, "मी हो म्हणणार आहे. तू बरोबर चल. नाव विचारतील ना."

आम्ही कॉलेजच्या ऑफिसात गेलो. काकूंनी त्या पहिल्या समारंभाची ठेवणीतली साडी काढली होती. प्राचार्याबाईंनी उठून नमस्कार केला, कागदावर काढलेला पाटीचा नमुना दाखवला. छान होता. काळ्या संगमरवरावर सोनेरी अक्षरं. काकू त्या कागदावरून बोट फिरवत राहिल्या. बाईंनी पेन घेतलं. "पूर्ण नाव सांगा." काकूंनी मला कोपर मारलं. मी सांगितलं.

"आणि पदवी? आमच्या सगळ्या पाट्यांवर नावापुढे पदवी असते."

मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "इंटर आर्ट्स. लॉजिक राहिलं."

"अं?"

"इंटर आर्ट्सला बसले होते. लॉजिक राहिलं त्यांचं. तसंच लिहा. 'इंटर आर्ट्स, लॉजिक राहिलं.'"

बाई गोड हसल्या. "काकू, तसं नाही लिहिता येणार. आपण नुसतं नाव लिहू या. पदवी राहू दे. कोणाला कळणार आहे?"

इथे काकूंचा चेहरा बदलला. त्यांनी तो नमुन्याचा कागद हळूच टेबलावर ठेवला.

"एक सांगाल का मला?" त्या म्हणाल्या. "हे आज तुमच्या कॉलेजात असते, आणि ह्यांच्याच नावाची स्कॉलरशिप मागायला तुमच्यासमोर उभे राहिले असते, तर ह्यांना मिळाली असती?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाजूच्या टेबलावरच्या क्लार्कनं टायपिंग थांबवलं होतं. दाराशी फीसाठी उभी असलेली मुलं कान टवकारून ऐकत होती.

"नाही ना? मग कसली ह्यांची पाटी?" काकू उठल्या. "राग मानू नका हं. तुमचा दगड फार सुंदर आहे."

परतताना टॅक्सीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला काकूंनीच सांगितलेली काकांची ती पहिली टॅक्सी आठवली. घरी आल्यावर त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. मला रवा भाजल्याचा वास आला. थोड्या वेळानं त्यांनी वाटी आणून दिली. शिऱ्यात केळं होतं, वर तूप सढळ.

"कोण नापास झालं?" मी विचारलं.

"कॉलेज," काकू म्हणाल्या.

आम्ही दोघी हसलो. मग हसता हसता काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पदरानं पुसत म्हणाल्या, "बरोबरच केलं मी. पण ह्यांचं नाव मात्र राहिलं ते राहिलंच." मी त्यांचा हात हातात घेतला. मला फार वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला.

पण दाराशी उभी असलेली ती मुलं आम्ही दोघीही विसरलो होतो. कॉलेजातल्या पोरांच्या तोंडाला कुलूप नसतं. एका आजीनं पाटीवर 'लॉजिक राहिलं' लिहायला सांगितलं, ही गोष्ट फीच्या रांगेतून कँटीनला गेली, कँटीनमधून शेजारच्या कॉलेजांत, तिथून कुठे कुठे. आम्हाला याचा पत्ता नव्हता.

पुढचे निकाल लागले. शनिवार होता. मी काकूंबरोबर मेथी निवडत बसले होते. बेल वाजली, लगेच दुसऱ्यांदा वाजली. काकूंनी दार उघडलं. एक मुलगी उभी होती, लालबागची असावी, दप्तर छातीशी धरलेलं, डोळे रडून लाल. तिनं पुठ्ठा वाचून जीभ चावली. मग विचारलं, "लॉजिक राहिलेल्या काकांचं घर हेच का?"

काकूंचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. मुलगी घाबरली.

"सॉरी हां आजी. खरं नाव मला नाही माहीत. खाली वाण्याला विचारलं तर त्यानं याच नावावर वर पाठवलं. कॉलेजात पण सगळे असंच म्हणतात."

"वाणीपण?"

"हो. म्हणाला, लॉजिक राहिलेले काका ना, दुसरा मजला."

काकूंनी मागे वळून देव्हाऱ्याशेजारच्या कुपीकडे पाहिलं. मग त्या मुलीकडे बघून अगदी स्पष्ट, जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हेच घर. लॉजिक राहिलेल्या काकांचंच." आणि माझ्याकडे बघून हसल्या. "हे नाव मलासुद्धा घेता येतं गं."

मुलीला त्यांनी हाताला धरून आत आणलं, पाट मांडला. "कुठे लागली केटी? कुठलं गणित चुकलं? सांग, सांग, रडू नको." मी मेथी बाजूला सारून उठले आणि डब्यातून मूठभर मीठमोहरी काढली.

"अजून घे," काकू म्हणाल्या. "ह्यांचं नाव लागलंय आज. त्याचीही दृष्ट काढते."